चौदा थांब्यांची वही

ता. ११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

अक्षर वाकडं आलं तर लावून घे. कापड कापायच्या टेबलाशी उभ्यानं लिहितेय आणि जेवणाच्या सुटीतली आठच मिनिटं उरली आहेत.

आमची पाच-दहा बंद होणार आहे. सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी पहिल्या थांब्यावरून निघते, चौदा थांबे घेते आणि पावणेसहाला कारखान्यांच्या फाटकाशी सोडते, ती बस. तिच्यानंतरची थेट साडेसहाला. पहिली पाळी सहाची. म्हणजे पाच-दहा गेली की पहिली पाळी गेली. आणि दुपारी आईजवळ मला असावंच लागतं, त्यामुळे पहिली पाळी गेली की माझी नोकरीच गेली. परिवहन खात्यानं प्रत्येक थांब्यावर नोटीस डकवली आहे : सदर गाडीचा सांगाडा गंजून निकामी झाल्याने १ एप्रिलपासून फेरी रद्द.

तुला विचारायचं ते एवढंच. ही गाडी तुझ्या कारखान्यात बांधलेली आहे. दाराच्या आत तुझ्या नावाची पत्र्याची पट्टी अजून आहे, मी रोज तिला टेकून उभी असते. सांगाडा खरंच गेलाय का?

इकडे हालचाल सुरू आहे, पण तुझ्या डोळ्यांसमोर येईल तशी नाही. सभा नाही, झेंडा नाही, अध्यक्ष तर नाहीच. पहिल्या थांब्यावर एक काकू चढतात, शर्टांना बटणं लावायचं काम करतात. सगळे त्यांना बटणकाकू म्हणतात. त्यांनी एका वहीत लिहिलं, ‘२२ मार्चला, सोमवारी, फाटकाशी कोणी उतरायचं नाही, खातं लेखी उत्तर देईपर्यंत. हो की नाही?’ आणि वही दुसऱ्या थांब्यावर चढणाऱ्यांच्या हातात दिली. रविवार सोडून एक दिवस एका थांब्याचा. त्या थांब्यावरच्यांनी आपसात बोलायचं, एक उत्तर लिहायचं, दुसऱ्या सकाळी वही पुढच्या थांब्याला द्यायची. कोणी ‘नाही’ लिहिलं तर कारण लिहायचं, मग वाक्य दुरुस्त करून पुन्हा पहिल्यापासून फेरी. चौदाच्या चौदा ‘हो’ झाले की ते ठरलं.

काल वही आमच्याकडे होती, नवव्या थांब्यावर. आम्ही अकरा जण. आम्ही ‘हो’ लिहिलं. पण सातव्यानं ‘नाही’ लिहिलंय. म्हणजे आणखी एक फेरी. मला बसवत नाही आणि उभंही राहवत नाही.

घंटा झाली.

तुझी भाची


ता. १५ फेब्रुवारी

चि. कात्री,

आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला थोडी काळजी मिसळून.

सांगाड्याचं आधी. ती गाडी मी विसरणं शक्य नाही. तेव्हा कारखान्यात मालक मी, वेल्डर मी आणि संध्याकाळी झाडू मारणाराही मीच. खांब चौकोनी नळीचे आहेत, एकेक जोड माझ्या हातचा. मागच्या चाकावरचा जमिनीचा पत्रा खाल्ला गेला असेल, ते दोन दिवसांचं काम. सांगाडा अजून सहा वर्षं हलत नाही. गेला म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव, त्याला हातोडी देतो आणि खुर्ची टाकून बघत बसतो.

आता तुमच्या वहीचं. पोरी, एका वाक्याला चौदा दिवस? तेवढ्यात मी गाडीला पत्रा मारून, रंग काढून, काचा बसवून बाहेर काढतो. रागावू नकोस. मी एक पेटी हत्यारं घेऊन या गावात उतरलो, तेव्हापासून किती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो याला हिशेब नाही. एक गोष्ट शिकलो. कुठल्याही कचेरीत खरी खुर्ची एकच असते, बाकी सगळं फर्निचर. त्या खुर्चीसमोर बसणारा तुमचाही एकच माणूस हवा. आवाज बरा, शर्ट स्वच्छ आणि दुसरा बोलत असताना गप्प बसता येणारा. बाकीच्यांनी बाहेर व्हरांड्यात खोकत उभं राहावं, त्याचाही उपयोग असतो.

आणि असा माणूस तुमच्यात नाही असं नको सांगूस. शिकलेली तू, जिभेला धार तुझ्या, तुला कात्री हे नाव मी उगाच नाही ठेवलं.

खात्याचे इथले साहेब माझ्या ओळखीचे आहेत. महिन्यातून एकदा आमचा चहा होतो. एक शब्द टाकू का?

ताईला सांग, भाऊ आठवण काढतो.

तुझा मामा


ता. १८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नको. शब्द टाकू नकोस. हे पत्र फाडलंस तरी चालेल, पण हे वाक्य कापून खिशात ठेव.

तू म्हणतोस तसा माणूस आमच्याकडे होता. तीन वर्षांपूर्वी दुपारची फेरी बंद झाली तेव्हा. आवाज चांगला, शर्ट तर इतका स्वच्छ की आम्ही त्याच्या शेजारी उभं राहायला बिचकायचो. सगळे त्याला दादा म्हणायचे. सकाळी तो एकटा साहेबांच्या खोलीत गेला, आम्ही तू सांगतोस तसेच व्हरांड्यात खोकत उभे. दुपारी बाहेर आला आणि म्हणाला, ‘मी खूप भांडलो.’ पुढच्या महिन्यात त्याचा मेहुणा डेपोत कामाला लागला. दुपारची फेरी काही परत आली नाही. म्हणून या वहीच्या पहिल्याच पानावर काकूंनी लिहून ठेवलंय : खात्यात एकट्यानं जायचं नाही, कोणीही. चौदा थांब्यांनी त्याखाली सह्या केल्यात. माझीही आहे.

आणि उशिराचं म्हणशील तर सातव्या थांब्याचं ऐक. तिथं शाळेचा पहारेकरी चढतो. त्यानं लिहिलं होतं, ‘नाही. मी बसून राहिलो तर शाळेची कुलपं कोण उघडणार? मुलं रस्त्यावर उभी राहतील.’ मी मनातल्या मनात त्याला काय काय बोलले. पण त्याच्यामुळे वाक्य बदललं : ‘ज्याला जमेल तेवढा वेळ बसावं. जो उठेल त्याच्या जागी दुसऱ्यानं बसावं. गाडी रिकामी होऊ द्यायची नाही.’ आता पाळी न चुकवताही बसता येईल. हे एका शहाण्या माणसाला सुचलं असतं? मला नसतं सुचलं.

दुसरी फेरी कालपासून सुरू झालीय. २६ तारखेला आमच्याकडे, ४ मार्चला चौदाव्याकडे. तोवर मी काय करायचं ते मला कळत नाही. आज कापडाचे चाळीस थर एकदम तिरके कापले. फोरमन म्हणाला, ‘बाई, लक्ष कुठंय?’ मी म्हटलं, दुसऱ्या थांब्यावर.

तुझी भाची


ता. २२ फेब्रुवारी

चि. कात्री,

तुझं पत्र मिळालं. जरा उशिरा मिळालं असं म्हणू या.

मी शब्द टाकला नाही. शब्द पडला. झालं असं की मागच्या आठवड्यात चहाला साहेब स्वतःच म्हणाले, ‘तुमच्या बहिणीच्या गावी डोकेदुखी आहे हो. बोलायचं कुणाशी तेच कळत नाही. गाडीतल्या एकाला विचारावं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा वहीकडे.’ बिचारे खरोखर काकुळतीला आले होते. मी एवढंच म्हटलं, माझी भाची आहे त्यात, शहाणी आहे, लोक तिचं ऐकतात. यात खोटं काय आहे?

तेव्हा एखादं पत्र आलं तर घाबरू नकोस. इस्त्रीचे कपडे घाल. पहिली दहा मिनिटं त्यांना बोलू दे, तू नुसतं पाणी पी. माणसानं समोरच्याला पाणी पिताना बघितलं की तो आपोआप बोलत सुटतो.

बाकी इकडे कामाचे दिवस आहेत. सविस्तर मागाहून.

तुझा मामा


ता. २७ फेब्रुवारी

मामा,

पत्र आलं. परवा, कारखान्याच्या पत्त्यावर. फोरमननं शंभर माणसांसमोर मोठ्यानं वाचून हातात दिलं : ‘प्रवासी आंदोलनाच्या प्रमुख यांस.’ खाली माझं पूर्ण नाव, ८ मार्चला सकाळी अकराची वेळ, ‘एकट्याने उपस्थित राहावे.’

काल सकाळी वही आमच्याकडे यायची होती. मी चढले, हात पुढे केला. आठव्या थांब्यावरचा सुतार वही छातीशी धरून म्हणाला, ‘आज राहू दे.’ आणि पुढच्या थांब्याला त्यानं ती दहाव्यावाल्यांना दिली. आमच्या दहा जणांपैकी एकानंही हटकलं नाही. माझ्या शेजारची जागा फाटकापर्यंत रिकामी गेली. उभं राहायला जागा नसते त्या गाडीत, मामा, आणि बाक रिकामा. उतरताना बटणकाकू म्हणाल्या, ‘मुली, कधीपासून?’ एवढंच. त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते.

भरीला आई. तिला वाटतंय लेकीला बढती मिळाली. पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, ‘आमची प्रमुख झाली.’

मी खात्यात जाणार नाही, तसं कळवलंय. पण वहीत नवव्या थांब्याची ओळ कोरी राहिलीय. चौदा ‘हो’ झाल्याशिवाय काही ठरत नाही हे मीच तुला लिहिलं होतं. तेरा होतील. बावीस तारीख आता माझ्यापाशी अडली आहे आणि मी सांगितलेलं कोणाला खरं वाटत नाही.

शब्द नुसता पडला की तू टाकलास?


ता. ३ मार्च

चि. कात्री,

टाकला.

लिहायला तीन कागद फाडले, आता हा चौथा. मला वाटलं होतं, तुला एकदा त्या खोलीत बसवलं की तू दोन वाक्यांत सगळं नीट करशील. अजूनही वाटतं. मी माझं आयुष्य असंच उभं केलं, एका माणसानं एका माणसाला भेटून. दुसरी रीत मला कोणी शिकवली नाही.

हेही सांगून टाकतो. साहेब काल म्हणाले, तुझी भाची आली तर मी रिकाम्या हातानं पाठवणार नाही. गाडी चालू ठेवू, पहिले नऊ थांबे घेऊन सरळ फाटक. दहा ते चौदा मात्र जातील. तुझा नववा वाचतो. हे तुझ्या कानावर घालणं माझं काम, पुढचं तू बघ.

आणि तिकडे जे बिघडलंय ते मी मिटवतो. तुझ्या त्या लोकांत ज्याचा शब्द चालतो त्याचं नाव कळव, बटणकाकू असतील तर बटणकाकू. मी येतो, त्यांना भेटतो, एका बैठकीत विषय संपवतो. साहेबांना मात्र मला आत्ता दुखवता येत नाही, कामाचे दिवस आहेत.

तुझा मामा


ता. ६ मार्च

मामा,

सांगाडा निकामी झालेली गाडी नऊ थांबे कशी धावते? साहेबांना हे विचारायचं तुला सुचलं नाही, म्हणजे तुझं लक्ष दुसरीकडे होतं. ‘कामाचे दिवस’ तू दोनदा लिहिलंयस. काय ते तूच सांगशील.

ज्याचा शब्द चालतो असं कोणी नाही. काकूंना भेटलास तर काकू म्हणतील, ‘मी पहिल्या थांब्याची, बाकीच्यांचं मला काय माहीत.’ आणि ते खरं असेल. एका बैठकीत संपेल असा विषय तू तयारच केलेला नाहीस.

यायचं असेल तर असा ये. १५ तारखेला, सोमवारी, पाच-दहाला पहिल्या थांब्यावरून चढ. तू साहेबांना काय सांगितलंस ते त्यांना सांग. दुसरा थांबा आला की दुसऱ्याला. असे चौदा. मी नेहमीसारखी नवव्याला चढेन, तुझ्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही.

माझ्या थांब्यावरचे म्हणतात, आधी प्रमुख कोण ते ठरू दे, मग ‘हो’ लिहू. त्यांनी पंधराला ‘हो’ लिहिलं नाही तर बावीसचं राहिलं, आणि बावीसचं राहिलं तर पुढे दहाच दिवस उरतात.

तुझी भाची


ता. १७ मार्च

चि. कात्री,

कंबर धरली आहे. बासष्टाव्या वर्षी माणसानं स्वतः बांधलेल्या गाडीत उभ्यानं प्रवास करू नये, सगळ्या चुका कळतात.

नवव्याच्या पुढचं तू पाहिलंसच, मागचं सांगतो. पहिल्या थांब्यावर बटणकाकूंनी मला वरपासून खालपर्यंत मापलं. ‘तुम्हीच का ते मामा. चढा. पुढं उभे राहा, मागं ऐकू येत नाही.’ मी भाषण पाठ करून आलो होतो. म्हटलं, भाचीला काही ठाऊक नव्हतं, तिचं नाव साहेबांना मी सांगितलं, काळजीपोटी. काकू म्हणाल्या, ‘बरं.’ या ‘बरं’चा अर्थ लावतोय तोवर दुसरा थांबा आला. पुन्हा तेच. तिसऱ्याला माझा आवाज जरा मोकळा झाला, मलाच माझं पटायला लागलं.

चौथ्याला इस्पितळात चादरी धुणारी ती उंच बाई चढली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘काळजीपोटी म्हणता. ठीक आहे. तुम्हाला काय मिळणार होतं?’

मी खिडकीबाहेर बघितलं. ड्रायव्हरनं गाडी सावकाश घेतली, इंजिनाच्या आवाजात उत्तर बुडू नये म्हणून. कात्री, या बाईहून बेरकी माणसांना मी हसत हसत गुंडाळलं आहे. पण ते टेबलापलीकडे एकटे असायचे, एकट्याचं तोंड वाचता येतं. इथं चार थांब्यांची तोंडं होती आणि मला कुणाचं वाचावं तेच कळेना. सांगून टाकलं. खात्याच्या चाळीस नव्या गाड्या बांधायच्या आहेत. साहेब म्हणाले होते, तिकडचं शांत झालं की तुमच्या कामाचं बघू.

मग मागून काकू, ‘आम्हाला हे सांगितलं नव्हतं.’ दुसऱ्या थांब्यावरचा कोणी तरी, ‘आम्हालाही नाही.’ काकू म्हणाल्या, ‘मग आमच्यासाठी पहिल्यापासून सांगा.’ पाचवा थांबा यायच्या आत मी पहिल्या तिन्ही थांब्यांना पुन्हा सगळं सांगितलं.

तिथून पुढं काय झालं माहीत आहे? ते माझ्या चुका काढायला लागले. सहाव्याला मी साहेबांचं वाक्य गाळलं, तर मागून आवाज, ‘शांत झालं की बघू, हे राहिलं.’ सातव्याला तुझा पहारेकरी म्हणाला, ‘थोडक्यात आटपा, मला शाळेपाशी उतरायचंय.’ तर चादरीवाली त्याला म्हणते, ‘थोडक्यात नाही, नीट ऐक.’ आठव्याला मी एक वाक्य म्हणायचो आणि पुढचं गाडीच म्हणायची.

नवव्याला तू चढलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस ते बरं केलंस. चाळीस गाड्या हे शब्द मी छताकडे तोंड करून बोललो. तुझ्या थांब्यावरच्या त्या चष्मेवाल्यानं तुला विचारलं, ‘तुला माहीत होतं?’ तू म्हणालीस, ‘नाव यानंच सांगितलं असणार हे माहीत होतं. चाळीसचं आत्ता कळलं.’ त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझा सगळा जन्म त्या चष्म्यात गेला. मग, वही पुन्हा ज्याच्याकडे येऊन थांबली होती त्या सुताराला म्हणाला, ‘वही द्या इकडं.’

फाटकाशी सगळ्यांसमोर जमिनीचा पत्रा उचलला आणि खांबांवर हातोडी मारून दाखवली. शाबूत नळी ठण्ण म्हणते, गंजलेली खोकते. एकही खोकली नाही. सांगाडा चांगला आहे असं लिहून खाली सही-शिक्का दिला. ‘कोणाच्या नावे देऊ?’ विचारलं तर काकू म्हणाल्या, ‘तारीख घाला, पुरे.’

एका माणसाची माफी मागणं सोपं असतं गं. तो ओशाळतो आणि चहा मागवतो. बस ओशाळत नाही.

त्या कागदाची नक्कल मी स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवली. चहा झाला नाही. चाळीस गाड्या पलीकडच्या रस्त्यावरचा बांधेल, तो बरा बांधतो, फक्त दारं घासतात.

तुझ्या थांब्यानं काय लिहिलं ते मला कोणी सांगितलं नाही. कळव.

तुझा मामा


ता. १ एप्रिल

प्रिय मामा,

आमच्या थांब्यानं ‘हो’ लिहिलं. पण त्याच्याखाली चष्मेवाल्यानं आणखी एक ओळ घातली : कोणाचे नातेवाईक कुठे चहा पितात ते वहीत आधी लिहावं. त्यासाठी वेगळी फेरी सुरू आहे. तुझ्यामुळे लोक काय काय लिहितायत ते वाचलंस तर तुला एकटं वाटणार नाही.

बावीसला बसलो. सहाच्या ठोक्याला निम्मे उठून कामावर गेले, त्यांच्या जागी रात्रपाळी सुटलेले येऊन बसले. पहारेकरी कुलपं उघडून परत आला आणि त्याच बाकावर बसला. नऊला खात्याचा माणूस आला, ‘तुमचा प्रमुख कोण?’ चौदावा थांबा म्हणाला, ‘आम्ही शेवटचे, पुढं विचारा.’ तो पुढं पुढं सरकत काकूंपर्यंत पोचला. काकू म्हणाल्या, ‘आम्ही पहिले. पुढचं मागं विचारा.’ तो घाम पुसत खाली उतरला. दोनला इंजिनिअर आला, त्यानं तुझा कागद वाचला, खांबांवर ठोकून बघितलं, लिहून घेतलं आणि ‘आठ दिवसांत लेखी उत्तर देऊ’ एवढं वहीत लिहून दिलं, मग आम्ही उठलो.

परवा उत्तर आलं. चौदा प्रती, प्रत्येक थांब्यावर एक डकवलेली, वर लिहिलंय : ‘थांबा क्र. १ ते १४ येथील प्रवासी यांस.’ फेरी ३० सप्टेंबरपर्यंत चालू, त्यानंतर पुन्हा तपासणी. म्हणजे सहा महिने. सहा महिन्यांत वहीच्या किती फेऱ्या होतात ते मी सारखी मोजते आणि दर वेळी आकडा वेगळा येतो.

कागदावर कोणाचा विश्वास नव्हता. आज आम्ही सगळे पाचलाच येऊन उभे. चष्मेवाल्यानं ती नोटीस पुन्हा मोठ्यानं वाचली, अडखळत, दोन शब्द चुकवून. मला नीट वाचता आली असती. मी गप्प राहिले. पाच एकतीसला यायची ती एकतीसला आली नाही. बत्तीस झाले, तेहतीस झाले. चौतिसाव्या मिनिटाला वळणावर दिवे दिसले.

मग नेहमीचीच रेटारेटी. माझा पाय पायरीवर, मागून कोणाची तरी पिशवी पाठीत. मी दारातच थबकले असेन, कारण मागून कोणी तरी करवादलं, ‘ए बाई, सरक की पुढं.’

प्रमुखाला असं कोणी म्हणत नाही, मामा. मी सरकले.

तुझी भाची